पेरलेले बी आणि भाजलेले बी

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात वक्तृत्व स्पर्धेसाठी एक विषय होता : 'त्यागातच खरे जीवन आहे'. मी त्या विषयावर बोललो. दधीची ऋषींच्या अस्थींपासून सुरुवात केली, शिबी राजाची गोष्ट सांगितली, मग येशू ख्रिस्ताच्या क्रुसापर्यंत आलो आणि मेणबत्ती स्वतः जळून जगाला उजेड देते या ठरलेल्या वाक्याने शेवट केला. टाळ्या पडल्या. दुसरा क्रमांकही मिळाला. मध्येच मी आमच्या घरातले एक उदाहरण दिले होते. माझ्या आत्याने स्वतःचे शिक्षण सोडले म्हणून माझे वडील शिकू शकले, असे मी सभागृहाला सांगितले होते. पहिल्या रांगेतल्या एका मॅडमनी तेव्हा डोळे पुसल्याचेही मी पाहिले होते.

त्याच संध्याकाळी प्रमाणपत्र घेऊन मी आत्याकडे गेलो. आत्या आमच्या हसनाबादेतच दिलेली आहे. ती ओसरीवर सुपात ज्वारी निवडत बसली होती. मी मोठ्या उत्साहाने तिला भाषणातला तिच्यावरचा भाग म्हणून दाखवला. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला आणि म्हणाली, "बोललास बरं. पर म्या कव्हा केला रं त्याग? मला कुणी इचारलं व्हतं का? सातवीत असताना दप्तर घेतलं अन् खुंटीला टांगलं. येवढंच झालं."

मित्रहो, या एका प्रश्नाने माझे दहा मिनिटांचे भाषण कोसळले. तेव्हापासून मी या विषयावर पुष्कळ विचार केला. तो विचार आपल्यापुढे मांडावा, एवढ्याचसाठी हा लेख आहे.

ज्या वचनाचा आधार घेऊन मी बोललो होतो ते ख्रिस्ती धर्मातले एक मध्यवर्ती वचन आहे. जो आपला जीव राखू पाहतो तो त्याला मुकतो आणि जो तो सोडून देतो त्याला तो सापडतो, असा त्याचा आशय. मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चारही शुभवर्तमानांत ते कोणत्या ना कोणत्या रूपात येते. सगळ्या शुभवर्तमानकारांनी नोंदवून ठेवावीत अशी वचने फार नाहीत. त्यावरून पहिल्या ख्रिस्ती मंडळींना ते किती महत्त्वाचे वाटले असेल, याची कल्पना येते.

मूळ ग्रीकमध्ये येथे जो शब्द आहे तो 'प्सुखे'. त्याचा अर्थ प्राण असाही होतो आणि माणसाचे 'मी'पण, त्याचे अंतरंग असाही होतो. इतर भाषांना हे दोन्ही अर्थ एका शब्दात धरताना अडचण पडते. मराठीला ती पडत नाही, कारण आपल्याजवळ 'जीव' हा शब्द आहे. आपण जीव लावतो, जीव ओततो, एखाद्यावर जीव टाकतो आणि कुणी जीव देतो असेही म्हणतो. या शेवटच्या प्रयोगाकडे मी पुढे येणारच आहे. तूर्त एवढेच लक्षात घेऊ की, ज्याच्यापाशी जीव आहे त्यालाच तो लावता येतो, ओतता येतो.

योहानाच्या शुभवर्तमानात हाच विचार गव्हाच्या दाण्याच्या रूपाने येतो. दाणा जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो; मेला तर पुष्कळ पीक देतो, असा त्याचा भाव. आता दाण्याची गोष्ट जालना जिल्ह्यातल्या माणसाला कुणी शिकवायला नको. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात 'महिको' ही बियाण्यांची कंपनी काढली आणि पुढे हे गाव देशभर बियाण्यांसाठी ओळखले जाऊ लागले. आमच्या भोकरदन तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरी पेरणीच्या आधी काय चालते ते पाहा. घरचे सोयाबीन पेरायचे असेल तर शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात ओळीने मांडतात, गोणपाट गुंडाळून ठेवतात आणि काही दिवसांनी उलगडून मोड मोजतात. शंभरात सत्तर उगवले तर बी पेरायचे. त्याहून कमी असले तर बियाण्याचे प्रमाण वाढवायचे, नाहीतर दुसरे बी आणायचे.

या साध्या चाचणीत एक मोठे सत्य आहे. जो दाणा खरोखरच मेलेला असतो तो उगवतच नाही! किडलेला, भिजून कुजलेला, मळणीत फुटलेला किंवा चुलीवर भाजलेला दाणा कितीही चांगल्या वाफशावर टाका, त्यातून कोंब येत नाही. जमिनीत जाऊन जो 'मरतो', त्याच्या आत जिवंत अंकुर असतो. त्याने आपल्या डाळींत साठवलेले अन्न त्या अंकुराला मिळते. सोयाबीन उगवताना तर हे डोळ्यांनी दिसते. दाण्याच्या दोन डाळी जमिनीच्या वर येतात, काही दिवस हिरव्या राहतात, रोपाला पोसतात, मग पिवळ्या पडून गळून जातात. दाणा संपतो, पण तो जिवंत असतो म्हणून असा संपू शकतो.

भाजलेल्या बीजाचा दाखला आपल्या योगशास्त्रातही आहे, पण तेथे तो वासना पुन्हा उगवू नयेत या अर्थाने येतो. मी तो येथे शेतकऱ्याच्या अर्थाने वापरतो आहे. माझे म्हणणे एवढेच आहे : पेरलेले बी वेगळे आणि भाजलेले बी वेगळे. दोन्ही दाणे संपतात. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. पण एकातून कणीस येते आणि दुसऱ्याची लाही होते, ती कोणीतरी खाऊन टाकतो. आपण मात्र व्याख्यानांत, घरांत आणि समाजात लाहीलाच कणीस म्हणत आलो आहोत.

आता प्रत्यक्ष उदाहरणे पाहू. आमच्या हसनाबादहून एस.टी.ने ज्या जालन्याला आम्ही बाजाराला, दवाखान्याला आणि परीक्षेला जातो, त्या जालन्याच्या जवळ एकोणिसाव्या शतकात बेथेल नावाची एक वस्ती उभी राहिली. 'बेथेल' हा हिब्रू शब्द. त्याचा अर्थ देवाचे घर. ती वसवली रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी. हे मूळचे ब्राह्मण घराण्यातले. १८४३ साली मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या वर्षी त्यांच्या घरात जे घडले ते साऱ्या मुंबईत गाजले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपती हाही मिशनऱ्यांकडे राहत होता. न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. त्याला प्रायश्चित्त देऊन परत जातीत घ्यावे की नाही यावर मोठे रण माजले आणि बाळशास्त्री जांभेकरांसारखा विद्वान त्याला परत घ्यावे म्हणून पुढे सरसावला. नारायणरावांचे मात्र घर गेले, जात गेली, भाऊ दुरावला.

मुंबईत राहून त्यांना सुशिक्षित पाद्री म्हणून मानाचे आयुष्य काढता आले असते. तसे न करता ते तेव्हाच्या निजामी मुलखात, जालन्याकडे आले. सालारजंग हे हैदराबादचे दिवाण असताना निजाम सरकारकडून त्यांना जमीन मिळाली आणि त्या माळावर बेथेल उभे राहिले. तेथे राहायला आलेले बहुतेक लोक गावोगावच्या मांगवाड्यांतून आणि महारवाड्यांतून आलेले होते. गावाच्या विहिरीवर ज्यांना पाणी भरता येत नव्हते, त्यांना स्वतःचे गाव मिळाले. १८७३ साली न्यूयॉर्कला जगभरच्या ख्रिस्ती मंडळींची जी मोठी परिषद भरली, तिच्यात डोक्याला पागोटे बांधलेले नारायण शेषाद्री बोलायला उभे होते. एका घराला मुकलेल्या माणसाच्या हातून 'देवाचे घर' उभे राहिले. धर्मांतराबद्दल आपली मते काहीही असोत. हा दाणा पेरलेला होता, भाजलेला नव्हता. त्यांचे घर कुणी त्यांच्याकडून त्याग म्हणून मागून घेतले नव्हते. आपल्या निर्णयाची किंमत काय पडेल, हे जाणूनच त्यांनी तो निर्णय घेतला होता.

याहून मोठे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. त्यांच्याविषयी आपण पाठ्यपुस्तकात दोन परिच्छेद वाचतो आणि 'त्यागमूर्ती' असे लिहून गुण मिळवतो. पण त्यांच्या आयुष्याचा क्रम नीट पाहिला, तर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा विरोध पत्करून आधी पत्नीला आणि मग त्या पत्नीने मुलीला संस्कृत शिकवले. कुटुंब पुराण सांगत गावोगाव हिंडत असे. दुष्काळात या कुटुंबाची अन्नान्नदशा झाली. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी भारतभर फिरत १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तेथे विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पुढे भाऊही वारला. १८८० साली बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला, १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने गेले. वयाच्या तेविसाव्या वर्षी, कडेवर वर्षाचीही न झालेली मुलगी घेऊन, रमाबाई विधवा झाल्या.

अशा बाईने कसे जगावे, हे त्या काळच्या समाजाने ठरवून ठेवले होते. केशवपन करावे, अलवण नेसावे, एकवेळ जेवावे, अंधाऱ्या माजघरात घरातल्यांची धुणीभांडी करत मरेपर्यंत राहावे. आणि याला समाजाने नाव काय दिले होते? वैराग्य! व्रत! त्याग! नऊ-दहा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावरचे केस न्हाव्याकडून उतरवून घ्यायचे आणि तिने संसारसुखाचा त्याग केला असे म्हणायचे. याहून शब्दाची अधिक क्रूर विटंबना कोणती असेल? ही बी भाजण्याची भट्टीच होती.

रमाबाईंनी पहिली गोष्ट कोणती केली? हा लादलेला त्याग त्यांनी साफ नाकारला. त्या १८८२ मध्ये पुण्यात आल्या, 'आर्य महिला समाज' काढला, हंटर आयोगापुढे उभे राहून स्त्रियांसाठी स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात असे ठणकावून सांगितले. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभासाठी अमेरिकेला गेल्या. शिकल्या, लिहिले, भाषणे दिली, पैसा उभा केला. थोडक्यात, समाज जो जीव त्यांच्याकडून काढून घेऊ पाहत होता तो त्यांनी आधी स्वतःच्या ताब्यात घेतला. पुण्यात त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला, तेव्हा जोतीराव फुल्यांनी १८८५ साली 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली, हेही येथे सांगितले पाहिजे.

आणि मग त्यांनी तो जीव देऊन टाकला. १८८९ साली मुंबईत शारदासदन सुरू केले. अगदी सुरुवातीच्या विधवा विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. पुढे १८९३ साली त्यांचा विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात स्वतः गेल्या. भुकेने माणसाचे काय होते हे त्यांना पुस्तकातून कळायचे नव्हते. त्यांनी आईबापांना तसे मरताना पाहिले होते. तेथून त्यांनी शेकडो मुली आणि बाया आणल्या. पुण्यात प्लेग चालू होता, म्हणून त्यांना केडगावच्या शेतात नेले आणि तेथे मुक्तिसदन उभे राहिले. पुढच्या दुष्काळात आणखी मुली आल्या. शेती, विणकाम, शिवण, छापखाना अशी अनेक कामे या बायकांनीच चालवली. समाजाने ज्यांच्या लाह्या केल्या असत्या त्या मुलींच्या हाती रमाबाईंनी खिळे जुळवण्याचे काम दिले! हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले, तेही अखेरपर्यंत. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. त्यानंतर वर्षभराच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईही गेल्या.

आता तो क्रम पाहा. आधी नकार, मग दान. लादलेला त्याग नाकारल्यावाचून स्वेच्छेचा त्याग त्यांना करताच आला नसता. अलवण नेसून माजघरात बसलेली रमा कुणाचीच मुक्ती करू शकली नसती. म्हणून 'रमाबाई त्यागमूर्ती होत्या' हे वाक्य मला अपुरे वाटते. आधी त्या नकाराची मूर्ती होत्या, आणि त्यागाचा अधिकार त्यांनी त्या नकारातून मिळवला.

याच सत्याची दुसरी बाजू लक्ष्मीबाई टिळकांच्या चरित्रात दिसते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. टिळकांचा त्याग आपण नेहमी वाखाणतो, आणि तो होताही. पण त्याची किंमत कुणी भरली? सुमारे पाच वर्षे नवरा-बायको वेगळे राहिले. लक्ष्मीबाईंचा संसार मोडला तो त्यांच्या निर्णयाने नव्हे, पतीच्या निर्णयाने. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी हे दुःख लपवलेले नाही आणि त्याला त्यागाचे सोवळेही नेसवलेले नाही. मात्र त्यांचे आयुष्य तेथेच थांबले नाही. त्या पतीकडे परतल्या, त्यानंतरही जातीच्या समजुतींशी स्वतःच्या मनात झगडत राहिल्या आणि १९०० साली, आपल्याला पटले तेव्हा, ख्रिस्ती झाल्या. पतीने ओढले तेव्हा त्या गेल्या नाहीत. मनाने कौल दिला तेव्हा गेल्या. १९१९ साली टिळक गेले आणि त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या या बाईने ते पुढे नेले. हिरावलेल्या पाच वर्षांतून हे उगवले असे मी म्हणणार नाही. ती पाच वर्षे हिरावली गेलीच. उगवले ते त्यानंतर त्यांनी स्वतःच्या हाताने जे पेरले त्यातून.

कुणी म्हणेल, हे सारे ख्रिस्ती लोकांचे झाले. तसे मुळीच नाही. ज्या १८९७ साली रमाबाई दुष्काळातल्या मुली आणत होत्या, त्याच साली पुण्याजवळ आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंताच्या, दवाखान्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करत होत्या. मुंढव्याच्या एका दलित मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणले आणि त्यातच प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. शेण-दगड झेलत शाळेत जाणारी, 'बाईने घरात बसावे' हा हुकूम मोडणारी हीच ती बाई. येथेही आधी नकार आणि मग दान. सत्य कोणत्या एका देवळाच्या मालकीचे नसते, एवढाच याचा अर्थ.

जगाच्या इतिहासातला एक प्रसंग हा फरक अगदी लख्ख दाखवतो. १९४१ च्या जुलैअखेरीस ऑशविट्झच्या नाझी छळछावणीतून एक कैदी निसटल्याचा संशय आला. शिक्षा म्हणून दहा कैदी निवडून त्यांना उपासमारीने मारायचे ठरले. त्यांतला फ्रांचिशेक गायोव्हनिचेक हा बायकामुलांच्या आठवणीने रडू लागला. तेव्हा रांगेतून माक्सिमिलियन कोल्बे नावाचा पोलिश पाद्री पुढे आला आणि त्याच्या जागी मला घ्या म्हणाला. १४ ऑगस्ट १९४१ रोजी कोल्बे यांना विषारी सुई टोचून मारण्यात आले. गायोव्हनिचेक १९९५ पर्यंत जगला. मित्रहो, त्या कोठडीत दहा माणसे होती. कोठडी एक, भूक एक, शेवट एक. पण नऊ जणांचा खून झाला आणि एकाने प्राण दिला. त्या नऊ जणांच्या मरणाला 'त्याग' म्हणणे म्हणजे खुन्याचा गुन्हा झाकणे होय. आपल्या घरांत किती जणी त्या नऊ जणांसारख्या आहेत, आणि आपण त्यांच्यावर कोल्ब्यांची स्तुतिसुमने उधळत आहोत?

स्वतः येशूच्या बाबतीतही हाच मुद्दा शुभवर्तमानात स्पष्ट आहे. पकडले जाण्याच्या रात्री गेथशेमानेच्या बागेत हा प्याला टळावा म्हणून तो प्रार्थना करतो. त्याला मरणाची हौस नव्हती. आणि योहानाच्या शुभवर्तमानात, आपला जीव कोणी हिरावून घेत नाही, आपण तो आपण होऊन देतो, अशा आशयाचे त्याचे बोलणे आहे. ही एक अट काढून टाकली, तर क्रूस हे मालकाच्या हातातले, सासूच्या हातातले, सरकारच्या हातातले शस्त्र होते. हे वचन स्वतःला लावायचे असते. ते दुसऱ्याला सुनावायचे नसते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. 'मला कुणी विचारले होते का?' असे प्रत्येकाने म्हटले तर घर चालेल कसे? दुष्काळी वर्षात पोराची फी भरण्यासाठी बाप धोतराला ठिगळ लावतो. आई भाकरी कमी पडली तर भूक नाही म्हणते. त्यांनाही कुणी अर्ज करून विचारलेले नसते. कबूल आहे. जीवनात देणे आणि हिरावले जाणे पुष्कळदा एकाच ताटात वाढलेले असते. तरीही ओळखायच्या काही खुणा आहेत. देणाऱ्याला 'नाही' म्हणता येत होते काय? मागणारा स्वतःचे काही देत होता, की फक्त घेत होता? आणि देताना देणारा माणूस मोठा होत गेला, की आतून विझत गेला? गोणपाटातले दाणे मोजावेत तसे हे प्रश्न एकदा घराघरांत मोजून पाहिले पाहिजेत. दरवेळी घरातल्या मुलीचेच दप्तर खुंटीला लागत असेल, तर तो योगायोग नव्हे.

आता 'जीव देणे' या प्रयोगाकडे येतो. आपल्या मराठवाड्यात या दोन शब्दांचा अर्थ काय होतो, हे सांगायला नको. कर्जाने आणि नापिकीने खचलेला एखादा शेतकरी मनात म्हणतो की, मी गेलो तर घरावरचा भार कमी होईल. त्याला तो त्याग वाटतो. माझी हात जोडून विनंती आहे की आपण कुणीही, शोकसभेतसुद्धा, त्याला बलिदान म्हणू नये. तो दाणा परिस्थितीने भाजून काढलेला असतो. त्याच्या मरणातून घरात काही उगवत नाही. बायकोच्या डोक्यावर तेच कर्ज आणि मुलांच्या मनावर आणखी एक ओझे येते. घराला तो जिवंत हवा असतो, कर्जासकट हवा असतो. ख्रिस्ताचे वचन जीव कंटाळून टाकायला सांगत नाही. ते दुसऱ्यासाठी जगायला सांगते, आणि वेळ आलीच तर त्या जगण्याची किंमत द्यायला सांगते. असा कुणी खचलेला आपल्या ओळखीत असेल, तर भाषण न करता त्याच्याजवळ जाऊन बसणे हे आपल्या हातात आहे.

आपल्या पिढीचे दुखणे मात्र उलट आहे, तेही लिहिले पाहिजे. आपण जीव राखण्याच्या मागे लागलो आहोत. एमपीएससीचा एक प्रयत्न, दुसरा प्रयत्न, नोकरी, शहरात खोली, मग प्लॉट. आणि या धावपळीत गावाकडच्या शाळेत काय चालले आहे, याची आपल्याला फिकीर नाही. राखून ठेवलेल्या बियाण्याचीही एक मुदत असते. सोयाबीनचे बी दोन-तीन वर्षे कोठीत पडून राहिले की त्याची उगवण झपाट्याने घसरते. त्याला कुणी भाजलेले नसते. ते नुसते जपून ठेवलेले असते. जपून जपून मेलेला दाणा, हा त्या वचनाचा पहिला अर्धा भाग आहे. तो आपल्यासारख्या, दप्तर खुंटीला न लागलेल्या मुलांसाठी आहे, असे मला वाटते. ज्यांच्या हाती जीव आहे त्यांनी तो पेरावा. ज्यांचा हिरावला गेला त्यांना आधी तो परत मिळावा. एकच वचन, पण दोघांच्या वाटेवर ते वेगवेगळ्या ठिकाणी भेटते.

लेख संपवण्यापूर्वी पुन्हा आत्याकडे येतो. गेल्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीची बारावी झाली. घरात कुजबूज सुरू झाली की दोघांचा खर्च झेपायचा नाही. मुलगी हुशार आहे, पण एक वर्ष थांबेल. समजूतदार आहे, भावासाठी एवढा त्याग करील. हे शब्द बोलणारे माझे वडीलच होते, आणि लाजेने सांगतो, मी गप्प होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या आली. ती कधी आवाज चढवत नाही. उंबऱ्यावरच उभी राहून भावाला म्हणाली, "येक दप्तर खुंटीला लागलं, दुसरं लागू देनार न्हाई." तिच्या दोन शेळ्या होत्या. त्या तिने राजूरच्या एका माणसाला विकल्या आणि पैसे बहिणीच्या हातात ठेवले. बहीण आता जालन्याला शिकते.

मी आत्याला म्हणालो, "आत्या, हा तर त्याग झाला. आता तरी म्हणू का?"

ती हसली. तिला इतकी मोकळी हसताना मी क्वचितच पाहिले असेल. म्हणाली, "ह्याला काय म्हनायचं ते तू म्हन. हे मपल्या मनानं केलंय."

बी पेरले गेले की नाही, ते मला त्या हसण्यावरून कळले. यंदाच्या स्पर्धेत तोच विषय पुन्हा आला, तर मी मेणबत्तीचे वाक्य म्हणणार नाही.

(तृतीय वर्ष, कला शाखा)